सहल ठरवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना : यंदा कऱ्हेकाठी चला

माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या सगळ्यांच्या शिक्षक-खोलीत एकच विषय असतो. टेबलावर सहलवाल्या ठेकेदारांची रंगीत पत्रकं पडलेली असतात. वॉटर पार्क, राइड्स, दुपारी पनीर आणि गुलाबजाम, संध्याकाळी परतताना वडापाव. कुणीतरी म्हणतं, ‘शैक्षणिक काहीतरी दाखवावं लागेल, नाहीतर वरून विचारणा होईल.’ मग वाटेवरचं एखादं देऊळ वीस मिनिटांसाठी घुसवलं जातं आणि अर्जावर ‘ऐतिहासिक व धार्मिक स्थळांना भेट’ असं लिहून आपण मोकळे होतो. मीही बावीस वर्षांत हे कितीतरी वेळा केलंय, त्यामुळे हे पत्र वरून खाली बघत लिहिलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मात्र आठवीची 46 मुलं घेऊन मी सासवडला गेले. हाताशी एक सहशिक्षक, शिपाईमामा आणि पिशवीत आचार्य अत्र्यांची चार पुस्तकं. तेव्हापासून ही गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेलीय.

अत्रे म्हटलं की मुलांना काय आठवतं? खरं सांगायचं तर काहीच नाही. मुंबईत वरळीला त्यांच्या नावाचा चौक आहे, आता मेट्रोचं स्टेशनही आहे. एका मुलाने वर्गात ‘ते स्टेशनवाले का?’ असं विचारलं होतं. आपल्या पिढीला विनोदी भाषणं, ‘मराठा’ दैनिक आणि संयुक्त महाराष्ट्र एवढं तरी माहीत असतं. पण हा माणूस शिक्षक होता, हे आपणच विसरलोय. पुण्याच्या कॅम्प भागातल्या शाळेचे ते हेडमास्तर होते. 1928 मध्ये लंडनला जाऊन शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आले आणि आल्यावर मुलांसाठी क्रमिक पुस्तकं रचायला बसले. ‘नवयुग वाचनमाला’ त्यांची. नाटकं, सिनेमे, वर्तमानपत्रं हे सगळं या मास्तरकीच्या आगेमागे आलं. म्हणून म्हणते, त्यांच्यावर पहिला हक्क आपला.

त्यांचा जन्म 13 ऑगस्ट 1898 चा, पुरंदर तालुक्यातल्या कोडीत खुर्दचा. सासवडच्या पश्चिमेला, पुरंदर-वज्रगडाच्या सावलीतलं गाव. पुढे सगळी कारकीर्द पुण्या-मुंबईत झाली, विलायत पाहिली, पडद्यावर नाव झळकलं, विधानसभेत बसले. आणि आत्मचरित्राला नाव दिलं ‘कऱ्हेचे पाणी’. मुळा-मुठा नाही, अरबी समुद्रही नाही. कऱ्हा! नकाशात बोटाने शोधावी लागते अशी नदी. गराडे गावाच्या बाजूने येते, सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती करत पुढे सोनगावापाशी नीरेला मिळते. एवढाच तिचा संसार.

आता आमच्या सहलीचं सांगते. निघालो सकाळी सात वाजता, हडपसरवरून. दिवे घाट अर्धा चढलो आणि ठेकेदाराच्या बसने वाफ सोडली. ‘एकदम नवी गाडी’ म्हणून पैसे घेतले होते. चालक बॉनेट उघडून बसला, मुलं खाली उतरली, आणि मी मनातल्या मनात मुख्याध्यापकांना द्यायची उत्तरं जुळवायला लागले. पण घाटात उभं राहिलं की खाली मस्तानी तलाव दिसतो, पलीकडे पुण्याच्या इमारतींची रांग धुरकट दिसते. शिपाईमामा म्हणाले, ‘बाई, माउलींची पालखी ह्याच घाटाने चढते.’ मामा स्वतः सात वाऱ्या केलेले. त्यांनी तिथेच मुलांना सांगितलं, की रथाला जादा बैलजोड्या कशा लावतात, वर झेंडेवाडीला पोचल्यावर माणसं कशी टेकतात, आणि मग सासवडला पालखीचा दोन रात्री मुक्काम कसा असतो. चाळीस मिनिटं गेली. माझ्या आखलेल्या कार्यक्रमात हा तास नव्हता, आणि दिवसभरातला पहिला चांगला तास तोच होता. तुम्ही मात्र ठेकेदाराच्या नादी लागू नका. शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात गाडी देते. आगाराला वेळेत अर्ज द्या, म्हणजे झालं.

सासवडला पोचल्यावर सगळ्यात आधी मी मुलांना नदीवर नेलं. संगमेश्वराच्या घाटावर. कऱ्हा आणि चांबळी इथे भेटतात. काळ्या दगडाचं देऊळ, खाली पात्रापर्यंत उतरत गेलेल्या पायऱ्या. बसमध्ये मी ‘कऱ्हेचे पाणी’तलं वाचून दाखवत आले होते, त्यामुळे मुलं धावतच पायऱ्या उतरली. आणि थांबली. पात्रात दगड, थोडी हिरवट डबकी, एका कडेला बाभळीची झुडपं, प्लॅस्टिकच्या पिशव्या.

‘बाई, पाणी कुठंय?’

मला उत्तर सुचेना. एक आजोबा शेळ्या घेऊन पात्रातूनच येत होते, त्यांनी ते ऐकलं. म्हणाले, ‘पानी व्हय? ते वर गराड्याला आडवलंय. राह्यलेलं लोकांच्या बोरात.’ आणि शेळ्या हाकत निघून गेले.

तुम्हाला वाटेल, इथे सहल फसली. मी उलट सांगेन. मुलं तिथेच पायऱ्यांवर बसली आणि प्रश्न विचारायला लागली. वर्गात कधी विचारत नाहीत असे. नदीला पाणी नाही तर पुस्तकाचं नाव असं का? अत्र्यांच्या वेळी होतं का? धरण कोणी बांधलं? आमच्याकडे रोज पाणी येतं ते कुठनं येतं? शेवटच्या प्रश्नाला मी मुद्दाम थांबले. कारण पुरंदर उपसा योजनेचं पाणी मुळा-मुठेतून उचलून या तालुक्यात आणलंय. म्हणजे पुण्याने वापरून नदीत सोडलेलं पाणी पंपांनी डोंगरावर चढवून इथल्या शेतांना दिलं जातं. हे सांगितल्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, ‘म्हणजे आमच्या बेसिनचं पाणी इथल्या वांग्यांना?’ आणि दोन मिनिटं कुणीच हसलं नाही.

नदीच्या नावाचीही एक गंमत आहे, ती जरूर सांगा. कऱ्हा म्हणजे कमंडलू, पाण्याचं भांडं. ब्रह्मदेवाच्या कमंडलूतलं पाणी सांडून ही नदी झाली, अशी इथली कथा. आपल्याकडे लग्नात वधू-वराच्या मागे करवली जो नारळ ठेवलेला तांब्या धरून उभी असते, तोही कऱ्हाच. माझ्या वर्गातल्या चार मुली करवली झालेल्या निघाल्या. ‘अय्या, तो कऱ्हा म्हणजे ही नदी?’ एवढ्या एका वाक्यात ती नदी त्यांच्या घरात येऊन बसली. म्हणून वाटतं, आत्मचरित्राला हे नाव देणाऱ्या माणसाला भांडं आणि पाणी दोन्ही दिसत असणार. हा माझा अंदाज आहे, परीक्षेत लिहू नका.

सोपानकाकांचं देऊळ जवळच. ज्ञानेश्वरांच्या धाकट्या भावाची समाधी, इथूनही स्वतंत्र पालखी पंढरीला जाते. ओवरीत बसून आम्ही ‘आजीचे घड्याळ’ म्हटली. ही कविता तुमच्या-माझ्या पाठ्यपुस्तकात होती, कवी ‘केशवकुमार’. आणि केशवकुमार म्हणजेच अत्रे, हे कित्येक शिक्षकांनाही ठाऊक नसतं. कवितेतली आजी वेळ बिनचूक सांगते, पण तिचं घड्याळ काही कुणाला दिसत नाही. ओटीवर ऊन आलं की दहा वाजले. मी सगळ्यांची घड्याळं काढून पिशवीत घेतली, आमच्या सरांनी आपला मोबाइल खिशात टाकला, आणि मुलांना म्हटलं, आता सांगा किती वाजले. मुलं सावल्या बघायला लागली. कोणी दीपमाळेची सावली पावलांनी मोजली, कोणी पुजाऱ्याला नैवेद्याची वेळ विचारली (ही लबाडी होती, पण हुशार लबाडी). एक जण म्हणाला, ‘मला भूक लागलीय, म्हणजे साडेबारा.’ बारा पस्तीस झाले होते. त्या कवितेवर मी बावीस वर्षं रसग्रहणाचे प्रश्न काढलेत. ती इतकी सोपी आहे हे मला त्या ओवरीत कळलं.

सासवडमध्ये पुरंदऱ्यांचा वाडा आहे, पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ 1720 मध्ये इथेच वारले, त्यांची समाधी आहे. पाहा, पण सगळं एका दिवसात कोंबू नका. पुरंदर किल्ल्याचा मोह तर टाळाच. संभाजीराजांचा जन्म, मुरारबाजी, 1665 चा तह आणि दिलेले 23 किल्ले, हा स्वतंत्र दिवसाचा ऐवज आहे. नारायणपूरच्या वाटेवरून तो नुसता दाखवायचा आणि पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायचा.

खरा मुद्दा आता येतो, आणि तो सिनेमाचा आहे.

अत्र्यांचा सिनेमा म्हटलं की आपण ‘श्यामची आई’वर थांबतो. थांबावं असाच तो आहे. 1953 चा चित्रपट, आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक पहिल्याच वर्षी त्याला मिळालं. पण तो पुरंदरचा नाही. साने गुरुजींचं पालगड दापोली तालुक्यातलं, ती माती लाल, ती आई कोकणातली. देशावरच्या या आडदांड, खो खो हसवणाऱ्या माणसाने इतकं हळवं कोकण कसं उभं केलं, हा चर्चेचा विषय खराच, पण त्यासाठी बस दापोलीला न्यावी लागेल. शिवाय त्याआधीचे ‘ब्रह्मचारी’, ‘ब्रँडीची बाटली’ हे मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेले आणि अत्र्यांनी लिहिलेले चित्रपट आठवीला दाखवायचे की नाही, ते तुम्ही आपापल्या पालकसभेचा अंदाज घेऊन ठरवा. मी दाखवले नाहीत.

कऱ्हेकाठचा सिनेमा दुसराच आहे : ‘महात्मा फुले’, 1954. याच्या मुहूर्ताला बाबासाहेब आंबेडकर हजर होते. चित्रपटात खुद्द गाडगेबाबा दिसतात. आमच्या शाळेच्या जिन्यात गाडगेबाबांची तसबीर आहे, हातात खराटा आणि डोक्यावर गाडगं. सहलीच्या आदल्या शनिवारी मी प्रोजेक्टरवर हा चित्रपट लावला, तेव्हा तीच तसबीर हलताना, बोलताना पाहून मागच्या बाकावरचा एक मुलगा चक्क उभा राहिला. ‘बाई, हे खरे?’ खरे. तुम्ही कधी मुलांना सांगितलंत का, की खरे गाडगेबाबा आपण आजही बघू शकतो, ऐकू शकतो? मीही त्याआधी सांगितलं नव्हतं. या चित्रपटाला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं, पण आपल्या शाळांच्या कपाटात तो नसतो.

आणि जोतिरावांचं गाव सासवडच्या पूर्वेला आहे. खानवडी. फुल्यांचं मूळ गाव साताऱ्याकडचं कटगुण, मूळ आडनाव गोऱ्हे. तिथून पणजोबा या खानवडीला आले, पुढे आजोबांच्या वेळी घर पुण्याला गेलं, तिथे फुलांचा धंदा केला आणि धंद्याचंच आडनाव झालं. म्हणजे कोडीतच्या ब्राह्मणाच्या पोराने ज्यांच्यावर चित्रपट काढला त्या माणसाचं कूळ त्याच्याच तालुक्यातून, त्याच माळरानावरून पुण्याला गेलं होतं. अत्र्यांना हे ठाऊक असल्याशिवाय कसं राहील? शेजारच्या गावच्या माणसाची गोष्ट माणूस वेगळ्या आवाजात सांगतो. चित्रपट बघून खानवडीला गेलात तर हे समजावून सांगावं लागत नाही.

आम्ही दुपारी तिथे पोचलो. स्मारकापाशी बसून डबे उघडले. मागे माळ, पुढे वाटाण्याचे वाफे, एका शेतात झेंडू फुललेला. मला आयता धागा मिळाला. अत्र्यांच्या विडंबन कवितांच्या पुस्तकाचं नाव ‘झेंडूची फुले’. त्या काळच्या कवींच्या कविता गुलाबाच्या आणि जाईजुईच्या. यांनी देवापुढे, दाराच्या तोरणात आणि बैलाच्या शिंगात घालतात ते फूल उचललं. ‘प्रेमाचा गुलकंद’ वाचली, मुलं लोळली. आठवीला प्रेम म्हटलं की निम्मं काम आपोआप होतं.

खानवडीला जायची घाई करा, असंही मी म्हणेन. पुरंदरच्या विमानतळाचा जो प्रस्ताव आहे त्यात पारगाव मेमाणे, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी यांच्याबरोबर खानवडीच्याही जमिनी आहेत. व्हावा की न व्हावा यावर या पत्रात मी बोलणार नाही. ते तिथल्या माणसांनी बोलायचं, आणि ती बोलतायत. पण फुलं विकायला याच मातीतून पुण्याला गेलेल्या घराची गोष्ट मुलांना सांगायची असेल, तर मातीवर उभं राहून सांगितलेली बरी.

तुमच्यातले काही जण म्हणतील, तिथे बघायला आहे काय? हा आक्षेप आमच्याच शिक्षक-खोलीत आला होता. कोडीतला जाऊन मुलांनी काय बघितलं, तर एक गाव बघितलं. म्हस्कोबाचं देऊळ, जिथून दरवर्षी पालखी वीर गावच्या यात्रेला जाते. पारावर बसलेली माणसं. एका काकांनी मुलांना म्हस्कोबाच्या यात्रेचं वर्णन ऐकवलं, आणि त्यात ‘अशी गर्दी, की मुंगीला म्हनलं जागा दे, तर ती म्हनली मीच कडेवर हाय!’ असं एक वाक्य टाकलं. मी वहीत लिहून घेतलं. अत्र्यांची ती ‘गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नाही’ची सवय आपण त्यांचा स्वभाव म्हणून सांगतो. कोडीतच्या पारावर बसा तासभर. कोरडा मुलूख, पावसाच्या सावलीतला. पीक बेताचं, पण देव मोठा, यात्रा मोठी, गडाची गोष्ट मोठी. एका बाजूला सोपानकाकांची कीर्तनं, दुसऱ्या बाजूला जेजुरीचे वाघ्या-मुरळी, भंडाऱ्याची उधळण. असल्या मुलखात वाढलेल्या पोराची भाषा मोजूनमापून कशी येईल? मुलांना हे मी एका शब्दाने सांगितलं नाही. पण परतल्यावर एकाने निबंधात लिहिलं, ‘कोडीतचे लोक अत्र्यांसारखे बोलतात.’ उलटं लिहिलंय त्याने, आणि मी ते तसंच ठेवलं.

जेजुरी, मोरगाव त्याच नदीच्या काठी आहेत. सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी आंघोळीला कऱ्हेवरच येते. पण ते दोन्ही मुलांनी घरच्यांबरोबर पाहिलेलं असतं. वेळ उरला तरच जा. आम्ही गेलो नाही.

एक पथ्य मात्र पाळा. अत्र्यांची आरती ओवाळू नका. ते भांडखोर होते, राजकारणात विरोधकांवर तोंड सोडताना पातळी सुटायची, आणि नंतर त्याच माणसावर मृत्युलेख लिहिताना डोळ्यांत पाणी आणायचे. हे मुलांना सांगितलं तर बिघडत नाही. त्यांच्या वर्गात असला एक तरी मुलगा असतोच. आमच्या वर्गात दोन आहेत.

आणि शेवटी मागणं. यंदा आपल्या केंद्रातल्या निदान तीन-चार शाळांनी मिळून ही सहल करावी. मी आखणी तयार करून देते. कोणता उतारा कुठे वाचायचा, स्वच्छतागृहं कुठे बरी आहेत (हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, मुलींसाठी तर फारच), डबे कुठे उघडायचे, हे सगळं त्यात असेल. डिसेंबरात गेलात तर अंजिरांचा खट्टा बहर, म्हणजे हिवाळी हंगाम असतो, पण नदी कोरडी मिळेल. नदीला पाणी बघायचं तर ऑगस्टात जा, 13 तारखेच्या आसपास, पाऊस चांगला झाला असला तर. मी दोन्ही वेळा जाणार आहे. आठवीच्या त्या मुलीने मला बजावलंय, की ती आता दहावीत असली तरी पाणी बघायला तिला न्यायचंच.

कळावे, लोभ असावा.

आपली,
आठवी ‘ब’च्या मराठीच्या बाई

ता. क. : सासवडच्या बाजारात अंजिराची पाटी घेताना वरचा थर बघून भुलू नका. मुलांना सांगा, खालपर्यंत उपसून बघायची. आमच्या मुलांनी उपसली, तर विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘कुठल्या शाळेची रं ही, फार शिकवलंय!’ आणि चार अंजिरं वर घातली.